पत्रिका वाचायला शिकायचं असेल तर: निरयन, सायन आणि सरावाला एक सार्वजनिक कुंडली

इंग्रजी पेपरातलं ‘लिओ’ आवडीने वाचणाऱ्याने घरातली जुनी पत्रिका उघडली आणि तिथे रास कर्क निघाली, की प्रश्न ठरलेला: मग माझी खरी रास कुठली? दोन्ही खऱ्या. पेपरवाल्यांनी रवी कुठे आहे ते पाहिलं, तेही सायन, म्हणजे ऋतूंना बांधलेल्या, राशिचक्रात. पत्रिका करणाऱ्याने चंद्र कुठे आहे ते पाहिलं, आणि तो निरयन, म्हणजे ताऱ्यांना बांधलेल्या, राशिचक्रात. पाहिलेला ग्रह वेगळा, मोजायची सुरुवातही वेगळी. हे दोन फरक सुटे करून घेतले की नवशिक्याचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

उरलेला निम्मा गोंधळ गणित आणि फलित एकात कालवल्यामुळे होतो. शनी अमुक तारखेला मीन राशीत गेला, हे गणित. ते कुणालाही पडताळून पाहता येतं. त्यामुळे कुंभ राशीच्या माणसाची बदली होईल, हे फलित. या लेखातल्या बहुतेक पायऱ्या गणिताच्या आणि मांडणीच्या आहेत, कारण तेवढं खात्रीने शिकवता येतं. फलिताबद्दल माझं मत मध्ये मध्ये येईलच.

सरावाला स्वतःची पत्रिका घेऊ नका. स्वतःच्या पत्रिकेत माणूस जे हवं तेच वाचतो, नाहीतर ज्याची भीती वाटते ते. आपण घेऊ १५ ऑगस्ट १९४७, रात्री ठीक १२ वाजता, दिल्ली: स्वतंत्र भारताची कुंडली. वेळेबद्दल वाद नाही आणि घटना सगळ्यांना माहीत आहेत.

पायरी पहिली: वेळ आणि गाव

लग्न म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. चोवीस तासांत बाराही राशी उगवून जातात, म्हणजे एका राशीला सरासरी दोन तास आणि एका अंशाला साधारण चार मिनिटं. नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग; त्यावरून काढलेलं नवमांश लग्न तर सव्वातेरा मिनिटांत बदलतं. तेव्हा ‘पहाटेच, दूधवाला येऊन गेल्यावर’ एवढ्या माहितीवर नवमांशासकट पत्रिका छापून देणारा माणूस धाडसी समजावा.

जन्मदाखल्यावर बहुधा फक्त तारीख असते. वेळ सापडते ती प्रसूतिगृहाच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा आजोबांच्या जुन्या डायरीत. ती मिळाली की पुढचा प्रश्न: ही कुठल्या घड्याळाची वेळ? देशाची प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली, पण मुंबई शहरात ‘बाँबे टाइम’ १९५५ पर्यंत चालत होता आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता. त्यात दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभर घड्याळं तासभर पुढे केली होती. गिरगावात १९४४ साली जन्मलेल्या आजीची ‘सकाळी साडेसात’ ही वेळ कुठल्या घड्याळाची, यावर तिचं लग्न कुठलं ते ठरतं.

परदेशी जन्मलेल्या नातवंडांच्या पत्रिकेत दुसरीच चूक होते. बाळ न्यू जर्सीत झालं, आजोबांनी वेळ भारतीय वेळेत बदलून घेतली आणि सॉफ्टवेअरमध्ये गाव टाकलं पुणे. क्षण तोच असल्यामुळे ग्रह सगळे बरोबर येतात, म्हणून चूक लक्षातही येत नाही. लग्न मात्र पुण्याच्या क्षितिजाचं निघतं आणि सगळी स्थानं सरकतात. जिथे जन्म झाला तिथलं गाव आणि तिथलीच वेळ टाकायची. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, तेही सॉफ्टवेअरने धरलंय का ते एकदा बघून घ्यायचं.

आणखी एक बारकावा. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. मंगळवारी पहाटे तीनला झालेल्या मुलाच्या टिपणात ‘सोमवार’ लिहिलेलं असतं, त्यात भटजींची चूक नसते.

पायरी दुसरी: शून्य कुठून मोजायचं

सायन आणि निरयन यांतला फरक समजायला मकर संक्रांतीइतकं सोपं साधन नाही. खगोलदृष्ट्या सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे वळतो २१ किंवा २२ डिसेंबरला. पाश्चात्त्य ज्योतिषी त्याच दिवशी सूर्य मकरेत गेला म्हणतात. आपण तिळगूळ वाटतो १४ किंवा १५ जानेवारीला. हे मधले चोवीस-एक दिवस म्हणजेच अयनांश. आज तो २४ अंशांच्या थोडा वर आहे आणि सूर्य दिवसाला जवळपास एक अंश चालतो, म्हणून हिशेब दिवसांत जमतो.

हे अंतर पडतं पृथ्वीचा आस संथपणे डुलत असल्यामुळे. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाचा सूर्याचा बिंदू, ताऱ्यांच्या तुलनेत वर्षाला सुमारे ५० विकला मागे सरकतो (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश). ७२ वर्षांत एक अंश, पूर्ण फेरीला सुमारे २५,८०० वर्षं. पाश्चात्त्य पद्धत मेषेचा आरंभ या सरकत्या संपाताला बांधते, त्यामुळे तिच्या राशी ऋतूंशी जोडलेल्या राहतात. आपली पद्धत मेषारंभ ताऱ्यांच्या संदर्भाने ठरवते, त्यामुळे राशी नक्षत्रांशी जोडलेल्या राहतात आणि ऋतू हळूहळू हातातून निसटतात. एकाच भिंतीवर दोन टेप लावल्या आणि दोन्हींचं शून्य वेगळ्या खिळ्याला अडकवलं, तर आकडे वेगळे येणारच. भिंत तीच असते.

संक्रांत पुढे सरकते याचे पुरावे आपल्याच इतिहासात आहेत. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या वर्षीची मकर संक्रांत त्याच दिवशी होती. मागे जाऊन गणित केलं, तर १४ जानेवारी १७६१ ला, पानिपतच्या लढाईच्या दिवशी, संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते. मराठ्यांवर ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी संक्रांत कोसळली’ हे वाक्य व्याख्यानात टाळ्या घेतं, पण पंचांगाला ते मान्य नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत लिहून ठेवलंय की पूर्वी उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी होत असे असं शास्त्रात सांगितलं आहे, पण सध्या ते मकरेच्या आरंभी होतं. सरकणं त्याच्याही नजरेत आलेलं होतं.

आता ताऱ्यांचं शून्य नेमकं कुठे धरायचं, इथे महाराष्ट्रातच दोन तट आहेत. चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर, म्हणजे तूळ राशीच्या आरंभी धरायची, हा चित्रापक्ष. व्यंकटेश बापूजी केतकरांनी तो लावून धरला आणि पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या कॅलेंडर सुधारणा समितीने तोच स्वीकारला. निर्मलचंद्र लाहिरी त्या समितीचे सचिव, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये याचं नाव ‘लाहिरी’. २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय पंचांग याच्यावर चालतं. सोलापूरचं दाते पंचांगही चित्रापक्षाचंच. दुसरा तट रैवतपक्षाचा, रेवती ताऱ्यावरून शून्य धरणारा. लोकमान्यांचं पाठबळ लाभलेलं टिळक पंचांग त्या बाजूचं, आणि त्याचा अयनांश चित्रापक्षापेक्षा जवळपास चार अंशांनी कमी. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी येतात ते याच फरकातून: अधिक महिना दोघांचा वेगळा निघतो.

चार अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण नक्षत्राचा एक चरण, म्हणजे चौथा भाग, ३ अंश २० कलांचा. म्हणजे टिळक पंचांगावरून केलेल्या पत्रिकेत चरण हमखास बदलतो, कधी नक्षत्र बदलतं, आणि चंद्र राशीच्या टोकाला असेल तर रासच बदलते. कर्केत २७ अंशांवर असलेला चंद्र तिकडे सिंहेत गेलेला दिसतो. म्हणून जुन्या पत्रिकेशी सॉफ्टवेअरचं जुळत नसेल, तर ‘पूर्वीच्या लोकांना गणित येत नव्हतं’ असं म्हणण्याआधी ती कुठल्या पंचांगावरून केलीय ते पाहा.

व्यवहारात सांगायचं तर, ‘जगन्नाथ होरा’सारखं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि अयनांश ‘लाहिरी’ ठेवा. भारताची पत्रिका मांडा. लग्न वृषभेत साधारण ८ अंशांवर आणि चंद्र कर्केत साधारण ४ अंशांवर आला पाहिजे. लग्न मिथुन आणि रवी सिंहेत दिसला, तर तुम्ही चुकून ‘ट्रॉपिकल’ म्हणजे सायन पर्याय निवडलाय.

ही तुलना एकदा कागदावर करून बघाच. १९४७ साली अयनांश २३ अंश ७ कला होता. निरयन पत्रिकेत रवी, चंद्र, बुध, शुक्र आणि शनी असे पाच ग्रह कर्केत, मंगळ मिथुनेत, गुरू तूळेत, राहू वृषभेत, केतू वृश्चिकेत. प्रत्येकात २३ अंश ७ कला मिळवा: रवी, बुध, शुक्र, शनी सिंहेत जातात, मंगळ जेमतेम कर्केत शिरतो, गुरू वृश्चिकेत, लग्न मिथुनेत. जागेवर राहतात ते चंद्र, राहू आणि केतू, कारण ते आपापल्या राशीच्या सुरुवातीच्या अंशांत आहेत. आकाश एकच, आणि बहुतेक ग्रहांच्या राशी बदलल्या. त्यामुळे पाश्चात्त्य पुस्तकातलं ‘सिंहेचा शनी’चं वर्णन उचलून आपल्या पत्रिकेतल्या कर्केच्या शनीला लावण्यात काही अर्थ नाही. नवशिके हेच सर्वात जास्त करतात, कारण इंटरनेटवर दोन्ही मजकूर शेजारी शेजारी पडलेले असतात.

पायरी तिसरी: चौकट वाचणं

मराठी पत्रिकेत चौकोनात कर्ण मारून मध्ये तिरका चौकोन काढलेला असतो. वरचं मधलं घर म्हणजे लग्न, प्रथमस्थान. तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट, मोजत जायचं. घरांत लिहिलेले आकडे राशींचे असतात: १ मेष, २ वृषभ, असे १२ मीन. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण ‘४’ दिसला की चतुर्थस्थान समजणं ही पहिल्या आठवड्यातली हमखास घसरण. भारताच्या पत्रिकेत वरच्या घरात २ आहे, म्हणून ४ हा आकडा तिसऱ्या घरात पडतो आणि पाच ग्रहांची गर्दी तिथे आहे. दक्षिणेत राशींची घरं कायमची ठरलेली असतात आणि मोजणी घड्याळाच्या दिशेने होते. बेळगावकडची पत्रिका कधी तशी निघते, तेव्हा आधी लग्नाची खूण शोधा.

स्थानांची नावंच त्यांचे विषय सांगतात: तनू, धन, पराक्रम, सुख, संतती, रिपू, जाया, मृत्यू, भाग्य, कर्म, लाभ, व्यय. पाठ करायला आठवडाभर पुरतो.

आपल्याकडे सर्वसाधारणपणे एक रास म्हणजे एक अख्खं स्थान. भावचलित कुंडली वेगळी करतात, पण सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नका. पाश्चात्त्यांत प्लॅसिडस ही पद्धत फार चालते. तिच्यात स्थानं कमीजास्त आकाराची होतात आणि एका स्थानात दोन राशींचे तुकडे येतात.

ग्रहांची संख्याही वेगळी. आपले नऊ, त्यात राहू-केतू हे चंद्राच्या कक्षेचे छेदनबिंदू, डोळ्यांना न दिसणारे. पाश्चात्त्यांनी १७८१ साली सापडलेला युरेनस, १८४६ चा नेपच्यून आणि १९३० चा प्लूटो सामावून घेतले आणि वृश्चिक, कुंभ, मीन या राशींचं स्वामित्व त्यांना देऊन टाकलं. गंमत म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्योतिष्यांनीही युरेनसला ‘हर्षल’ म्हणत घरात घेतलंय. कित्येक मराठी पत्रिकांत ‘ह’ आणि ‘ने’ लिहिलेले दिसतील. दशेत मात्र त्यांना जागा नाही.

पायरी चौथी: स्वामी आधी, ग्रह नंतर

नवशिका पत्रिका बघून लगेच म्हणतो, ‘अरे, शनी तिसरा!’ आणि पुस्तकात ‘तृतीयस्थानी शनी’ शोधतो. थांबा. शनी कुठल्या स्थानांचा मालक आहे ते आधी बघा. राशीस्वामी असे: रवीची सिंह, चंद्राची कर्क, मंगळाची मेष आणि वृश्चिक, बुधाची मिथुन आणि कन्या, गुरूची धनू आणि मीन, शुक्राची वृषभ आणि तूळ, शनीची मकर आणि कुंभ.

वृषभ लग्नाला मकर नववी आणि कुंभ दहावी. म्हणजे शनी भाग्येश आणि कर्मेश (भाग्य आणि कर्म स्थानांचा स्वामी), एक त्रिकोण (१, ५, ९ ही स्थानं) आणि एक केंद्र (१, ४, ७, १०) दोन्ही त्याच्याकडे, म्हणून वृषभ लग्नाला तो राजयोगकारक, म्हणजे खास शुभ. शनी म्हणजे वाईट, हे सरसकट विधान इथेच कोसळतं. याउलट गुरू, ज्याला सगळे शुभ म्हणतात, तो इथे अष्टमेश आणि लाभेश. मंगळ सप्तमेश आणि व्ययेश, बसलाय धनस्थानात. लग्नेश शुक्र तिसऱ्यात, रवीपासून सहा अंशांच्या आत, म्हणून अस्तंगत, म्हणजे रवीच्या तेजात लोपलेला.

एका पत्रिकेसाठी असं कोष्टक हाताने लिहा: ग्रह, तो कुठल्या स्थानांचा स्वामी, बसलाय कुठे, रास उच्चीची (जिथे तो सर्वात बलवान), नीचीची (सर्वात दुबळा) की स्वगृहीची (स्वतःची). रवीची उच्च रास मेष, चंद्राची वृषभ, मंगळाची मकर, बुधाची कन्या, गुरूची कर्क, शुक्राची मीन, शनीची तूळ, आणि समोरची सातवी ती नीच. भारताच्या पत्रिकेत सात ग्रहांत चंद्र स्वगृही आहे, बाकी उच्चीचा कुणी नाही, नीचीचाही नाही. बरेच जण इथे उत्साहाने ‘पाच ग्रहांची युती!’ म्हणतात. ती आहेच, पण रवी २८ अंशांजवळ आणि चंद्र ४ अंशांवर, दोघांत चोवीस अंशांचं अंतर. राशीने एकत्र, अंशांनी दूर.

दृष्टीचाही हिशेब इथेच उरकू. आपल्याकडे दृष्टी स्थानं मोजून लावतात. प्रत्येक ग्रह सातव्या स्थानाकडे पाहतो. मंगळ त्याशिवाय चौथ्या-आठव्याकडे, गुरू पाचव्या-नवव्याकडे, शनी तिसऱ्या-दहाव्याकडे. पाश्चात्त्य पद्धत अंश मोजते: ६०, ९०, १२०, १८०, आणि थोडीफार सूट. फरक किती पडतो ते बघा. आपल्या उदाहरणात रवी आणि गुरू यांच्यात जवळपास ८८ अंश. पाश्चात्त्य ज्योतिषी म्हणेल, केंद्रयोग (९० अंशांचा), ताण आहे. आपल्या पद्धतीत तूळेतला गुरू पाहतो कुंभ, मेष आणि मिथुनेकडे. कर्केकडे त्याची दृष्टीच नाही. एकाच्या लेखी ठळक योग, दुसऱ्याच्या लेखी काहीच नाही. (ज्या दोघांचं पटत नाही त्यांचं ‘षडाष्टक’ आहे असं आपण म्हणतो, ते याच स्थानमोजणीतून आलंय: एकापासून दुसरा सहावा आणि दुसऱ्यापासून पहिला आठवा.)

पायरी पाचवी: चंद्र, नक्षत्र आणि दशा

इथे आपली पद्धत पाश्चात्त्य पद्धतीपासून खरी वेगळी होते. राशी आपण बऱ्याच अंशी ग्रीकांकडून घेतल्या. वेदांगज्योतिषात नक्षत्रं आहेत, तिथी आहेत, यज्ञाचे काळ आहेत, पण मेष-वृषभ नाहीत आणि जन्मपत्रिकाही नाही. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम हे शब्द ग्रीकांकडूनच आले आणि वराहमिहिराने यवनांना या शास्त्राबद्दल ऋषींसारखा मान दिला. नक्षत्रं मात्र आपली, आणि दशा, म्हणजे एकेका ग्रहाच्या वाट्याला आलेले आयुष्याचे कालखंड, त्यांच्यावर उभ्या आहेत. पाश्चात्त्यांच्या प्रचलित पद्धतीत यासारखं काही नाही. त्यांचा भर गोचर (ग्रहांचं सध्याचं भ्रमण) आणि प्रोग्रेशन (जन्मानंतरचा एक दिवस म्हणजे आयुष्याचं एक वर्ष धरून ग्रह पुढे नेणं) यांवर.

सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येक १३ अंश २० कलांचं, म्हणजे ८०० कला. चंद्र जन्माच्या वेळी ज्या नक्षत्रात, त्याच्या स्वामीची महादशा चालू. विंशोत्तरी या सर्वात प्रचलित दशापद्धतीचा क्रम आणि वर्षं अशी: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. एकूण १२०. अश्विनी केतूचं, भरणी शुक्राचं, असं क्रमाने जायचं आणि नऊ झाले की परत केतूपासून.

आता हाताने करा. भारताचा चंद्र कर्केत ३ अंश ५९ कलांवर. पुष्य नक्षत्र कर्केच्या ३ अंश २० कलांना सुरू होतं. म्हणजे ३९ कला भोगून झाल्या. ३९ भागिले ८०० म्हणजे पाच टक्क्यांना थोडं कमी. पुष्याचा स्वामी शनी, त्याची वर्षं १९. त्यातले सुमारे अकरा महिने सरलेले, उरली १८ वर्षं आणि महिनाभर. शनीची महादशा सप्टेंबर १९६५ च्या सुमारास संपते. पुढे बुध १९८२ पर्यंत, केतू १९८९, शुक्र २००९, रवी २०१५, चंद्र २०२५, आणि मंगळ २०३२ पर्यंत. सॉफ्टवेअरच्या तारखा काही दिवस इकडेतिकडे आल्या तर घाबरू नका, वर्ष किती दिवसांचं धरलंय त्यावर ते ठरतं.

याच हिशेबात अयनांशाचा फटका किती बसतो ते पाहा. रैवतपक्षाने चंद्र चार अंश पुढे गेला, तर नक्षत्राचा तीस टक्के भाग सरतो. शनीच्या १९ वर्षांतली साडेपाच-पावणेसहा वर्षं कमी होतात आणि पुढची प्रत्येक दशा तेवढी अलीकडे येते. दशेवरून विवाहाचं वर्ष सांगणाऱ्याला तो कुठला अयनांश वापरतो ते विचारायला म्हणूनच लाजू नका.

पायरी सहावी: गोचर, थोडक्यात

ग्रहांचा मुक्काम लक्षात ठेवा: चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस, रवी महिना, मंगळ साधारण दीड महिना, गुरू वर्षभर, राहू-केतू दीड वर्ष, शनी अडीच वर्षं. शनी चंद्रराशीच्या बाराव्या, पहिल्या आणि दुसऱ्या राशीतून जातो ती साडेसाती. २९ मार्च २०२५ ला तो निरयन मीनेत आला, तेव्हापासून कुंभ, मीन आणि मेष राशीवाल्यांची साडेसाती चालू आहे. पाश्चात्त्यांचा शनी २५ मे २०२५ ला मेषेत गेला. परदेशी यूट्यूबरचं ‘सॅटर्न इन एरीज’ ऐकून साडेसाती मोजू नका.

इंग्रजी पेपरातलं सूर्यराशीचं सदर तर फारच अलीकडचं. ऑगस्ट १९३० मध्ये लंडनच्या ‘संडे एक्सप्रेस’ने राजकन्या मार्गारेटच्या जन्मानिमित्त आर. एच. नेलर या ज्योतिष्याचा लेख छापला, तो गाजला, आणि त्यातून पुढे ही सदरं फोफावली. सगळ्या सिंहवाल्यांना एक भविष्य, ही पद्धत गंभीर पाश्चात्त्य ज्योतिषीही मानत नाहीत. त्यांनाही तुमची वेळ आणि गाव लागतंच.

जिथे लोक घाबरवतात त्या जागा

एवढं आलं की नातेवाईक पत्रिका घेऊन येतीलच, आणि बहुतेक विवाहाच्या संदर्भात. तेव्हा तीन गोष्टी माहीत असाव्यात.

गुणमेलनाचे ३६ गुण फक्त दोघांच्या चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून काढतात. लग्न, शुक्र, सप्तमेश, दशा, काहीही त्यात येत नाही. सर्वाधिक ८ गुण नाडीला. ‘एकनाड म्हणजे एकच रक्तगट’ हे आपल्याकडे घरोघर ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. नाडी नक्षत्रावरून ठरते, रक्तगट आई-वडिलांकडून येतो, दोघांचा संबंध नाही.

मंगळ लग्नी, चौथा, सातवा, आठवा किंवा बारावा असला की पत्रिकेला मंगळ. बारापैकी पाच घरं. म्हणजे नुसत्या हिशेबाने दर दहांत चार माणसांना मंगळ असणार. एवढ्या मोठ्या संख्येला लागू पडणाऱ्या गोष्टीचं स्थळं नाकारण्यासाठी भय बाळगायचं का, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझं उत्तर नाही असं आहे.

आणि काळसर्प. सगळे ग्रह राहू-केतूंच्या एका बाजूला असले की तो होतो म्हणतात. आपल्या सरावाच्या पत्रिकेत तो आहे: राहू वृषभेत, केतू वृश्चिकेत, बाकी सारे मध्ये. बृहज्जातक किंवा बृहत्पाराशर होराशास्त्र या मूळ ग्रंथांत काळसर्प या नावाचा योग सापडत नाही. शांतीच्या खर्चाची यादी हातात पडली, तर देणाऱ्याला एवढंच विचारा की मूळ श्लोक कुठल्या ग्रंथातला.

शेवटची पायरी: लिहून ठेवणं

डॉ. जयंत नारळीकर यांनी २००८ मध्ये पुण्यात एक चाचणी घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्यात होते. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि त्यांतल्या कुठल्याही चाळीस प्रत्येक ज्योतिष्याला पाठवल्या: कुठली पत्रिका कुठल्या गटातल्या मुलाची, एवढंच सांगायचं होतं. २७ जणांनी उत्तरं दिली, सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवून पन्नासच्या आसपास आलं असतं. निष्कर्षावर वाद घालणारे आहेत, पण अमुक नियम लावला की अमुक दिसतं असं म्हणणाऱ्याला अशी चाचणी टाळता येत नाही, असं मला वाटतं.

ती शिस्त शिकणाऱ्यालाही लागते, कारण घडून गेलेलं काहीही पत्रिकेत बसवता येतं. सप्टेंबर १९६५ ला शनीची दशा संपली आणि तेव्हा युद्ध चालू होतं, म्हणून ही पत्रिका ‘बरोबर’ असं म्हणणारे १९६२ साठी शनीची दशा दाखवतात आणि १९७१ साठी बुधाची. हरलेलं युद्ध आणि जिंकलेलं युद्ध, दोन्हींची सोय होते.

तेव्हा सराव उलट्या बाजूने करा. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला विचारून त्यांच्या आयुष्यातल्या पाच-सहा मोठ्या घटना तिसऱ्याच कुणाला तरी लिहून ठेवायला सांगा आणि तुम्ही ते न बघता पत्रिकेवरून वर्षं काढा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. भारताच्या पत्रिकेत सप्टेंबर २०२५ च्या सुमारास मंगळाची महादशा लागते: सप्तमेश, व्ययेश, बसलाय धनस्थानात, पाहतोय पंचम, अष्टम आणि भाग्याकडे. २०३२ पर्यंत काय घडेल असं तुम्हाला यावरून वाटतं ते नेमक्या शब्दांत लिहा. ‘चढउतार संभवतात’ चालणार नाही. वर तारीख घाला, पेनने लिहा आणि एक प्रत अशा माणसाकडे द्या, ज्याचा या सगळ्यावर अजिबात विश्वास नाही.